खर्जाच्या तारा आणि खारी हवा

बेस गिटारच्या तारा हा त्या वाद्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर झिजणारा भाग असला, तरी वाद्याच्या आवाजावर लाकडाच्या जातीपेक्षा आणि रंगरूपापेक्षा त्यांचाच प्रभाव अधिक पडतो, आणि म्हणून तारांची निवड ही वाद्य विकत घेण्याइतकीच विचारपूर्वक करण्याची गोष्ट आहे. या विषयावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी अमेरिका आणि इंग्लंडमधील वादकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असल्यामुळे त्यात कोणता कलावंत कोणत्या तारा वापरतो याची चर्चा भरपूर आढळते, परंतु त्या तारा कोणत्या हवेत टिकायच्या आहेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात हा प्रश्न टाळता येत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तारप्यासाठी आणि भोपळ्यांच्या घांगळीसाठी ओळखला जातो; पण हळदीच्या रात्री, साखरपुड्यात, गणेशोत्सवात आणि नवरात्रीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी यांच्या जोडीला बेस गिटारही उभी असते, आणि समुद्रापासून थोड्याच किलोमीटरवर राहणाऱ्या त्या वादकाच्या तारांवर मीठ, दमटपणा आणि घाम हे तिघेही एकाच वेळी काम करीत असतात.

तारेची निवड समजून घ्यायची तर आधी खालचा सूर तारेकडून काय मागतो हे पाहिले पाहिजे. ताणलेल्या तारेचा सूर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे दर मीटरचे वजन या तीन गोष्टींनी ठरतो, हा नियम फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन याने १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. सूर खाली आणायचा असेल तर तार लांब करावी लागते, सैल करावी लागते किंवा जड करावी लागते. तंबोऱ्याच्या कारागिरांनी हे सूत्र पुस्तकाविना आत्मसात केले होते, आणि २०२४ मध्ये ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले त्या तंबोऱ्यातही जोडाच्या तारा पोलादाच्या, तर खर्जाची तार पितळेची आणि अधिक जाड असते, कारण पितळ पोलादापेक्षा जड असल्यामुळे तेवढ्याच लांबीत ते खालचा सूर देऊ शकते. बेस गिटारला त्याहून खाली उतरावे लागते. तिच्या चार तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी आणि जी या सुरांत लावतात, लगतच्या दोन तारांत सा ते म एवढे अंतर असते, आणि सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा, तर सर्वांत बारीक जी तार सुमारे ९८ वेळा कंप पावते.

आता हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रचलित बेस गिटारमध्ये नटपासून ब्रिजपर्यंतची, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच, अर्थात सुमारे ८६४ मिलिमीटर असते आणि वादकाच्या बोटांना मानवेल असा ताण एका तारेवर साधारणपणे १६ ते २२ किलोचा असतो. एवढ्या लांबीत आणि १७ किलोच्या ताणात ई सूर काढायचा तर तारेचे वजन दर मीटरला सुमारे ३३ ग्रॅम हवे, आणि ते नुसत्या साध्या पोलादी तारेने गाठायचे झाले तर ती तार २.३ मिलिमीटर जाडीची घ्यावी लागेल. अशी तार ही तार राहत नाही, ती सळई होते. तिच्या अंगचा ताठरपणा तिला नीट कंप पावू देत नाही आणि तिचे वरचे उपसूर मूळ सुराशी जुळेनासे होतात, त्यामुळे कानाला सूर न ऐकू येता धातूचा ठोका ऐकू येतो. यावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील तारकरांनी शोधलेला उपाय आजही तोच आहे: आत एक बारीक गाभा ठेवायचा, सगळा ताण त्याच्यावर द्यायचा, आणि वजन वाढवण्यासाठी त्याच्याभोवती दुसरी तार वेटोळ्यांनी गुंडाळायची, म्हणजे तार जड होते आणि लवचिकही राहते.

गाभ्याची तार साध्या पोलादाची चालत नाही. जाड तारेतील गाभा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि १७ किलोचा भार एवढ्याशा जागेत सोसणे म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८० किलोहून अधिक ताण सोसणे, ज्यात बांधकामाचे मऊ लोखंड कायमचे लांबून जाईल; म्हणून येथे कर्बाचे प्रमाण अधिक असलेले आणि डायमधून थंड अवस्थेत पुन्हा पुन्हा ओढून कणखर केलेले पोलाद वापरतात. तार ओढण्याची ही प्रक्रिया बोईसरच्या वाचकाला परकी नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत वायर रॉडपासून बारीक तार काढणारे उद्योग आहेत, विराज प्रोफाइल्ससारखी स्टेनलेस स्टीलच्या तारा आणि सळया तयार करणारी कंपनीही तेथेच आहे, आणि ३०४, ३१६, ४३० हे स्टीलच्या ग्रेडचे आकडे या परिसरातील अनेक घरांत रोजच्या बोलण्यात येतात. हेच आकडे बेस गिटारच्या तारांच्या निवडीत निर्णायक ठरतात.

इलेक्ट्रिक बेस गिटारला पोकळ भोपळा नसतो. तारेखाली बसवलेला पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेले साधन, तारेच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्रात होणारा फरक विजेच्या रूपात पकडते. यामुळे पिकअपला चुंबकाला प्रतिसाद देणारा धातूच ऐकू येतो. तंबोऱ्याच्या खर्जासाठी उत्तम ठरणारे पितळ आणि अकूस्टिक गिटारच्या तारांवर गुंडाळले जाणारे कांसे येथे निम्मे मुके ठरतात, कारण त्यांच्या बाबतीत पिकअपला फक्त आतला पोलादी गाभा जाणवतो आणि आवाज क्षीण येतो. समुद्राच्या मिठाला सर्वांत चांगले तोंड देणारे स्टेनलेस स्टील कोणते, असे बोईसरच्या कारखान्यातील कामगाराला विचारले तर तो मॉलिब्डेनम असलेल्या ३१६ चे नाव घेईल, आणि ते उत्तर अचूक आहे. परंतु ३१६ चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाही. त्यामुळे तारकरांना निकेल नसलेल्या, १६ ते १८ टक्के क्रोमियमच्या ४३० सारख्या चुंबकीय ग्रेडकडे वळावे लागते, आणि तो ग्रेड मिठापुढे ३१६ इतका टिकत नाही. पाकिटावरील ‘स्टेनलेस’ हा शब्द वाचून किनाऱ्यावरचा वादक निश्चिंत होतो, ती निश्चिंतता या कारणाने अपुरी आहे.

गुंडाळीच्या धातूंत दुसरा आणि सर्वांत प्रचलित पर्याय निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. त्याचा आवाज स्टेनलेसपेक्षा थोडा मऊ असतो, तो बोटांना कमी खरखरीत लागतो आणि फ्रेट, म्हणजे मानेवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, कमी झिजवतो, कारण फ्रेट बहुधा तांबे, जस्त आणि निकेलच्या मऊ मिश्रधातूचे असतात व स्टेनलेस त्यांच्याहून कठीण असते. निकेलचा दोष त्याच्या मुलाम्यात आहे. पत्र्यावर चढवलेले जस्त स्वतः झिजून आतले लोखंड वाचवते. निकेलचे उलट आहे, मुलाम्याला छिद्र पडले किंवा फ्रेटवर घासून तो निघाला की खाऱ्या ओलाव्यात आतले पोलादच आधी आणि अधिक वेगाने खाल्ले जाते. शुद्ध निकेलची गुंडाळी असलेल्या ताराही मिळतात, त्यांचा आवाज जुन्या वळणाचा आणि सौम्य असतो, पण त्या महाग पडतात.

येथे हवेचा विचार नीट केला पाहिजे. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच पाझरून त्याचे द्रावण होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्यामुळे ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. सातपाटी, केळवे, तारापूर, चिंचणी, डहाणू या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा दिवसचे दिवस ही मर्यादा ओलांडून असते, त्यात घाम म्हणजेही मिठाचेच पाणी, आणि कारखान्यांच्या परिसरात हवेत आम्लाची वाफ किंवा गंधकाची संयुगे असतील तर गंजाचा वेग आणखी वाढतो. तार तुटण्याच्या कितीतरी आधी तिचा आवाज जातो. गुंडाळीच्या वेटोळ्यांमधील फटींत मळ, कातडीचा भुगा आणि गंज साचला की वेटोळी एकमेकांवर मोकळी सरकत नाहीत, तारेच्या लांबीभर वजन सारखे राहत नाही, वरचे उपसूर लगेच विझतात आणि वादक म्हणतात की तार ‘डेड’ झाली. ज्या खणखणीतपणासाठी वादक पैसे मोजतो तीच गोष्ट ही हवा सर्वांत आधी काढून घेते, आणि या प्रकरणातील पुढचा सगळा विचार याच एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

खणखणीतपणा गुंडाळीच्या आकारावर अवलंबून असतो. गोल तार गुंडाळलेली ‘राउंडवाउंड’ आणि चपटी पट्टी गुंडाळून पृष्ठभाग गुळगुळीत केलेली ‘फ्लॅटवाउंड’ असे मुख्य दोन प्रकार आहेत. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली त्यानंतर सुमारे दीड दशक बेस गिटार म्हणजे फ्लॅटवाउंड असेच समीकरण होते. तिचा आवाज भरीव, गोलाईचा आणि लवकर विरणारा असतो. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारा जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत असे आणि त्या तुटल्याखेरीज बदलत नसे, हे प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या जॉन एन्टविसलच्या आग्रहातून रोटोसाउंड कंपनीने पियानोसारखी झणझणणारी राउंडवाउंड तार घडवली आणि त्यानंतर बेस गिटार पार्श्वभूमीतून पुढे आली. अंगठ्याने तार आपटून आणि बोटाने ओढून वाजवण्याची स्लॅप शैली, जी मुंबईच्या मोहिनी डे यांच्या वादनामुळे भारतातील तरुण वादकांना आज परिचित आहे, ती राउंडवाउंडवरच खुलते. याउलट राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी ज्या चित्रपटसंगीतात बेस वाजवली, तेथील मागणी गाण्याच्या पायाची आणि तालाशी बांधून राहण्याची होती. पालघरच्या ऑर्केस्ट्रात वाजणारी बहुसंख्य गाणी याच दुसऱ्या परंपरेतील आहेत, हे तारा निवडताना विसरले जाते.

या दोहोंच्या मधले प्रकारही आहेत. राउंडवाउंडचा वरचा भाग घासून सपाट केलेली तार दोन्हींचे थोडे थोडे गुण देते. नायलॉनची काळी फीत वरून गुंडाळलेल्या ‘टेपवाउंड’ तारेकडे मात्र किनाऱ्यावरील वादकांनी अधिक लक्ष द्यायला हवे, कारण बोटाखाली येणारे नायलॉन गंजत नाही आणि आतील पोलाद पिकअपला ऐकू येतेच; ही तार जाड असल्यामुळे नटमधील खाचा तिला पुरतात की नाही हे आधी पाहावे लागते, आणि तिचा आवाज उभ्या कॉन्ट्राबासच्या जवळ जाणारा, मवाळ असतो. १९९७ मध्ये डब्ल्यू. एल. गोर या कंपनीने एलिक्सर नावाने गिटारच्या अशा तारा आणल्या की ज्यांच्यावर अतिशय पातळ प्लास्टिकवर्गीय आवरण असते. आता बेससाठीही अनेक कंपन्या आवरणाच्या तारा देतात. आवरणामुळे घाम आणि मीठ वेटोळ्यांत शिरत नाही आणि खणखणीतपणा बराच अधिक काळ टिकतो. किंमत साध्या तारांच्या जवळपास दुप्पट असली तरी या हवेत हिशेब बहुधा आवरणाच्या बाजूने लागतो. फक्त प्लेक्ट्रमने किंवा जोरात स्लॅप करून वाजवणाऱ्याच्या हातून आवरण ठिकठिकाणी उलते आणि मग त्याचा उपयोग राहत नाही.

तारेची जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ४५, ६५, ८५ आणि १०५ हा संच सर्वसाधारण मानला जातो, त्यातील १०५ म्हणजे २.६७ मिलिमीटर. बारीक संच बोटांना हलका पडतो, पण जोरात वाजवल्यास तार फ्रेटवर आपटून किरकिरते. जाड संच ताठ आणि भरीव लागतो, पण मानेवरील ओढ वाढवतो. चार तारांची एकत्रित ओढ ७० ते ८० किलोंच्या घरात असल्यामुळे संच बदलून ताण बदलला की मानेतील ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ राखणारी पोलादी सळई, पुन्हा लावून घ्यावी लागते, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर व तेथेच नुसते बोट टेकवून काढलेला उपसूर एकच येतात की नाही हे तपासून ब्रिजवरील आधार मागेपुढे करावे लागतात. पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगते आणि मान आपोआपच थोडी हलते, म्हणून हे काम सप्टेंबरनंतर, हंगामाच्या तोंडाशी करणे शहाणपणाचे.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो तो पट्टीचा. गायकाच्या गळ्याप्रमाणे एका गाण्याला काळी एक, दुसऱ्याला काळी दोन, तिसऱ्याला पांढरी चार अशी पट्टी बदलत जाते, आणि काळी दोनचा सा, म्हणजे डी शार्प, चार तारांच्या बेसवर सर्वांत खालच्या मोकळ्या ई तारेच्याही अर्ध्या सुराने खाली जातो. वादकाला मग तो सा एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि गाण्याचा पाया उंच झाल्यासारखा वाटतो. तार उतरवून तो सूर मिळवता येतो, परंतु सैल झालेली तार लिबलिबते. पाच तारांच्या बेसवरील बी तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची असते आणि तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एकचा, चौथ्या फ्रेटवर काळी दोनचा सा मिळतो, यामुळे सतत पट्टी बदलणाऱ्या वादकाला पाच तारांचे वाद्य सोयीचे पडते. या बी तारेवर काटकसर करू नये. ती १२५ पेक्षा बारीक असेल तर सूर अस्पष्ट येतो. १३० ची तार बहुतेकांना योग्य ठरते, आणि ३५ इंची वाद्यावर तीच तार सुमारे सहा टक्के अधिक ताणली जात असल्यामुळे आणखी स्वच्छ बोलते.

खरेदीच्या वेळी तारेची लांबी पाहण्यात हलगर्जीपणा होतो. ३० इंची लहान वाद्यावर ३४ इंची संच चढवला की गुंडाळीचा जाड भाग खुंटीवर वळतो, वेटोळी उलतात आणि कधी गाभाच तुटतो. तारा ब्रिजऐवजी वाद्याच्या पाठीतून ओवल्या जात असतील तर उलट अधिक लांब तार लागते. गाभा गोल असेल तर तार कापण्याआधी काटकोनात वाकवली पाहिजे, नाहीतर गुंडाळी गाभ्यावर सैल पडते आणि नवी कोरी तार पहिल्याच दिवशी डेड होते. बेसच्या तारांची निवड करायला मिळेल असा मोठा साठा अद्याप मुंबईतच असल्याने बरेच वादक डहाणू–चर्चगेट लोकलने मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावाजवळच्या, १८६५ पासूनच्या फुर्टाडोससारख्या दुकानांत जातात. तेथे हवाबंद पाकिटातील संचच घ्यावा आणि कागदी लिफाफ्यातील, अनेक पावसाळे पाहिलेला संच स्वस्त मिळत असला तरी सोडून द्यावा.

आता निवाडा. कोणत्या तारा उत्तम हा प्रश्न ध्वनिक्षेपणाच्या व्यवस्थेपासून वेगळा काढता येत नाही, कारण लहान स्पीकर ४१ कंपनांचा मूळ सूर देऊच शकत नाही, आणि श्रोत्याचा कान उपसुरांवरून तो सूर ओळखून घेतो. अशा लहान ॲम्प्लिफायरवर फ्लॅटवाउंडचा आवाज हरवतो आणि तेथे आवरण असलेली, निकेलच्या मुलाम्याची ४५ ते १०५ ची राउंडवाउंड तार हीच योग्य. परंतु जो वादक मोठ्या ध्वनिव्यवस्थेत, मिक्सरला थेट जोडून हिंदी आणि मराठी गाणी वाजवतो आणि ज्याला दर दोन महिन्यांनी संच बदलणे परवडत नाही, त्याच्यासाठी फ्लॅटवाउंड हीच या किनाऱ्यावरची पहिली निवड असावी. तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मळ धरत नाही, फडक्याने पुसली की ती खरोखर पुसली जाते, फ्रेट कमी झिजतात, आणि तिचे सौंदर्य खणखणीतपणात नसल्यामुळे खाऱ्या हवेला तिच्याकडून हिरावून घेण्यासारखे फार काही उरत नाही. तिची किंमत राउंडवाउंडपेक्षा जास्त असते, पण ती वर्षानुवर्षे चालते. स्लॅप वाजवणाऱ्याने हा सल्ला मानू नये.

संच कोणताही असो, वाजवण्याआधी हात धुणे आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार वरून आणि खालूनही कोरड्या सुती फडक्याने पुसणे, याहून परिणामकारक उपाय नाही. जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा जिवंत करण्याची युक्ती मळ काढते म्हणून काही दिवस लागू पडते, मात्र पावसाळ्यात त्या आतून वाळत नाहीत आणि गाभा गंजतो, तेव्हा जूननंतर ती करू नये. जून ते सप्टेंबर वाद्य भिंतीवर उघडे टांगून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवावे, पुड्या दर पंधरवड्याला गरम करून कोरड्या कराव्यात, आणि हंगामाचा नवा संच पावसाळा संपल्यावरच चढवावा.